दिवाळीआधी एक रविवार क्लबहाऊस द्या : आमच्या सोसायटीला खुलं पत्र

प्रति,
व्यवस्थापक समिती आणि सर्व सभासद

सप्रेम नमस्कार.

नवरात्र बसलं तसे आपल्या तिन्ही विंगांत माळे उपसायला सुरुवात झाली आहे. जिन्यात पुठ्ठ्याचे खोके, गाठोडी, सुतळीने बांधलेल्या गाद्या दिसायला लागल्यात. आणि परवा बोर्डावर दरवर्षीची नोटीस लागली : ‘नको असलेले सामान धनत्रयोदशीपूर्वी गेटजवळच्या शेडमध्ये आणून ठेवावे.’ ही नोटीस यंदा उतरवावी आणि तिच्या जागी वेगळी लावावी, एवढ्यासाठी हे पत्र लिहिते आहे. सभेत दोन मिनिटांत सांगून होणारी ही गोष्ट नाही. आणि पत्र खुलं ठेवलंय, कारण पुण्यातल्या कितीतरी सोसायट्यांच्या गेटजवळ असंच एक शेड आहे आणि तिथेही दरवर्षी हेच होतं.

गेल्या वर्षी त्या शेडमध्ये काय झालं ते ज्यांनी पाहिलं नाही, त्यांना सांगते. धनत्रयोदशीच्या आदल्या रात्री परतीचा पाऊस आला. शेडला वर पत्रा आहे, बाजूला काही नाही. सकाळी मी दूध आणायला खाली उतरले तेव्हा कचरा घेणाऱ्या ताई त्या ढिगापुढे बसून एकेक गोष्ट वेगळी करत होत्या. लहान मुलाचा हाताने विणलेला स्वेटर, पाणी पिऊन दगडासारखा जड झालेला. आहेरात आलेला आणि कधी उघडलाच नसलेला डिनर सेट. खोका विरघळून ताटं चिखलात पडलेली. जरीकाठाची एक हिरवी साडी, तिच्यावर कुणाच्या तरी बाथरूममधली फुटकी बादली. एकूण एक घराने आपलं सामान ‘कुणाच्या तरी उपयोगी पडेल’ म्हणूनच ठेवलं होतं, याबद्दल मला शंका नाही. पण उपयोगी पडेल असं त्यात फार थोडं उरलं होतं. त्या ताई एवढंच म्हणाल्या, “काकू, काल हातात दिलं असतं तर दिवाळीत नेसलं असतं कुणीतरी.”

आपण देतो, पण वस्तूचा कचरा झाल्यावर देतो. आणि देताना घेणाऱ्याला निवडायची मुभा देत नाही. माझं सगळं म्हणणं या दोन गोष्टींबद्दल आहे.

दुसरी गोष्ट मला कळली ती आपल्या गेटवर.

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या ताईंना गेल्या दिवाळीच्या आधी मी एक मिक्सर दिला. चालू होता, मी नवीन घेतला होता. सोबत दोन साड्या आणि नातीचा एक फ्रॉक. गेटच्या ॲपवर नोंद करायला मी विसरले. आपला नियम असा की कामाला येणारं कुणीही सोसायटीतून काही बाहेर नेत असेल तर घरमालकाची नोंद हवी, नाहीतर फोन करून खात्री करायची. वॉचमनदादांनी नियमाप्रमाणे त्यांना थांबवलं. मला फोन केला. मी चकल्या तळत होते, फोन आतल्या खोलीत. पंचवीस मिनिटं त्या उभ्या होत्या. तेवढ्यात पिशवी टेबलावर रिकामी करून झाली होती : मिक्सर, त्याची तीन भांडी, साड्या, फ्रॉक. संध्याकाळी सहाची वेळ, ऑफिसातून परतणारी माणसं शेजारून जात होती. वॉचमनदादांचा यात काही दोष नाही. नियम आपण केला, मीही त्या सभेत हात वर केला होता.

दुसऱ्या दिवशी ताई कामाला आल्या, पोळ्या केल्या, आणि जाताना मिक्सर ओट्यावर ठेवून म्हणाल्या, “हा राहू दे काकू. मला नको.” मी खूप समजावलं. त्या हसल्या, पण मिक्सर नेला नाही. आजही तो माझ्या ओट्याच्या कोपऱ्यात आहे.

त्यानंतर मला सारखी आठवण येते ती बोहारणीची. इथल्या तरुण सभासदांपैकी काहींनी बोहारीण पाहिलीही नसेल. मी सदाशिव पेठेत वाड्यात वाढले. दिवाळीच्या आधी दुपारी डोक्यावर भांड्यांची पाटी घेतलेली बाई चौकात येऊन हाळी द्यायची आणि वाड्यातल्या सगळ्या बायका आपापली गाठोडी घेऊन ओसरीवर जमायच्या. मुंबई-पुण्यात हा व्यवसाय पिढ्यान्पिढ्या मुख्यतः वाघरी समाजातल्या बायकांनी केला. जुने कपडे घ्यायचे, बदल्यात भांडं द्यायचं. तिने नेलेला कपडा उसवलेला असेल तर शिवून, धुऊन, इस्त्री होऊन जुन्या कपड्यांच्या बाजारात उभा राहायचा आणि ज्याला नवा परवडत नाही तो घासाघीस करून विकत घ्यायचा.

ती कपडा हातात घेऊन उजेडाकडे धरायची. पँटीचा गुडघा, शर्टाची कॉलर, साडीचा पदर, कुठे विरलंय ते बोटांनी चाचपायची. पँटीला भाव जास्त, सुती साडीला कमी. “बाई, एवढ्यात हा डबा नाही होत. अजून एक पँट टाका.” आई म्हणायची, “मग तो छोटा दे.” ती म्हणायची, “छोट्याला झाकण नाही.” अर्धा अर्धा तास चालायचं. मधेच ती पाटी उचलून निघायचं नाटक करायची, आई दार लावायचं. शेवटी दोघी मनासारखं झाल्यासारख्या उठायच्या आणि आई तिला चहा द्यायची. वडिलांच्या दोन पँटी, एक शर्ट आणि आईची एक साडी यांच्या बदल्यात आलेला स्टीलचा डबा आजही माझ्याकडे आहे. आईने त्यावर नाव घालून घेतलं होतं. ठिपक्याठिपक्यांची अक्षरं अजून वाचता येतात, खाली लिहिलंय ‘दिवाळी 1974’. त्यात मी तूरडाळ ठेवते.

त्या ओसरीवर कुणी दाता नव्हता आणि कुणी याचक नव्हता. तिला नको असलेला कपडा ती तोंडावर नाकारायची. आईला राग यायचा, पण अपमान कुणाचा व्हायचा नाही. आज आपल्या गेटवर पाटी आहे : ‘फेरीवाले, विक्रेते व बोहारीण यांना प्रवेश नाही.’ सुरक्षेची कारणं मला समजतात. पण ती पाटी लावली त्या दिवशी वस्तूच्या बदल्यात वस्तू देण्याची, बरोबरीने बसून घासाघीस करायची जी एक जागा होती ती गेली, आणि तिच्या बदल्यात आपण काय आणलं, तर ते शेड.

देणं-घेणं आपल्याला परकं नाही. शेजारून फराळाचं ताट आलं तर ते रिकामं परत पाठवायचं नाही, हे आपल्याला कुणी शिकवावं लागलं नाही. काही नसलं तर वाटीत चिमूटभर साखर तरी जाते. दिवाळी अंकांचं तर विचारूच नका. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी घरात दिवाळी अंक एकाने विकत घ्यायचा आणि पाच घरांनी वाचायचा असंच चालत आलंय. आमच्या मजल्यावर आजही चार घरांत चार वेगळे अंक येतात आणि संक्रांतीपर्यंत फिरत असतात.

आणि येत्या दसऱ्याला आपण ज्यासाठी आपट्याची पानं एकमेकांच्या हातात ठेवणार, ती कौत्साची गोष्टही हेच सांगते. वरतंतू गुरूंना द्यायच्या चौदा कोटी सुवर्णमुद्रा मागायला कौत्स रघुराजाकडे आला. राजाने यज्ञात सगळं दान करून टाकलेलं. कुबेराने मोहरांचा पाऊस पाडला. कौत्साने मोजून चौदा कोटी घेतल्या, एक जास्त नाही. रघू म्हणाला, तुझ्यासाठी आलं ते मी ठेवणार नाही. उरलेलं लोकांनी नेलं. लहानपणी मला या गोष्टीतला सोन्याचा पाऊसच आवडायचा. आता वाटतं, जास्तीचं घरात ठेवायला दोघांनीही नकार दिला, म्हणून ती गोष्ट टिकली असेल.

तर मागणी अशी. कोजागिरीला आपण गच्चीवर दूध आटवतोच. त्यानंतरच्या रविवारी सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच क्लबहाऊस अदलाबदलीसाठी द्या. तोपर्यंत घरं आवरून झालेली असतात आणि धनत्रयोदशीला अजून दिवस असतात, म्हणजे नेलेली वस्तू त्याच दिवाळीत वापरली जाईल. ज्याला जे नको ते टेबलावर मांडायचं, ज्याला जे हवं ते उचलायचं. पैसे नाहीत, कुपनं नाहीत, एकास एक असा हिशेबही नाही. आणि त्या दिवशी टेबलाच्या दोन्ही बाजूंना सगळे असतील : सभासद, भाडेकरू, पोळ्यावाल्या ताई, धुणंभांडी करणाऱ्या मावशी, गाड्या धुणारी मुलं, वॉचमनदादा आणि त्यांची घरची माणसं, कचरा घेणाऱ्या ‘स्वच्छ’ संस्थेच्या ताई. आणायला सगळे, न्यायला सगळे.

समितीतल्या एकांशी बोलले तेव्हा ते म्हणाले, कल्पना चांगली आहे, सकाळी सभासदांसाठी ठेवू आणि चारनंतर कामवाल्यांसाठी खुलं करू. मनापासून सांगते, तसं असेल तर हे करूच नका. चारनंतर टेबलावर काय उरेल ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. उरलेलं देणं म्हणजे पुन्हा तेच शेड, फक्त छप्पर चांगलं. एकच वेळ, एकच रांग. माझ्या सुनेला एखादा टेबललॅम्प आवडला आणि आमच्या ताईंनी तो आधी उचलला, तर तो ताईंचा.

‘ते लोक आपल्यासाठी काय आणणार,’ असंही एकीने विचारलं. मला यात नवल वाटत नाही, कारण मीही एकदा असंच समजत होते. आमच्या मावशी जुन्या साड्यांच्या अशा गोधड्या शिवतात की टाके मोजत बसावं. गाड्या धुणाऱ्या एका मुलाने भंगारातल्या दोन सायकलींची एक धड सायकल केली आहे. येताना त्यांनी काही आणलंच पाहिजे असं अजिबात नाही, आपल्यालाही ती अट नाही. पण आणायचं झालं तर त्यांच्याकडे काही नसेल हे आपण गृहीत धरू नये.

आणखी एक आक्षेप : ‘नेतील आणि जुन्या बाजारात विकतील.’ विकू देत. बुधवारी आणि रविवारी मंगळवार पेठेशेजारी भरणाऱ्या जुन्या बाजारात आपल्यातलेही कितीजण स्वस्तात पाना-पकड शोधायला जातातच ना? दिलेली वस्तू ज्याला दिली त्याची झाली. तो ती वापरेल, विकेल, गावी भावाला पाठवेल. मी दिलेल्या साडीचं तू काय केलंस, हे विचारायचा हक्क देताना आपण सोडून द्यायला हवा, नाहीतर दिलं असं म्हणता येणार नाही.

हे कुणी कधी केलंच नाही असंही नाही. कोल्हापुरात सीपीआर चौकात दिवाळीच्या तोंडावर ‘माणुसकीची भिंत’ उभी राहिली : नको ते ठेवून जा, हवं ते निवडून घेऊन जा. अंशू गुप्ता यांनी 1999 मध्ये दिल्लीत सुरू केलेल्या ‘गूंज’चं काम मला याहूनही मोलाचं वाटतं. शहरातले जुने कपडे ते गावात नुसते वाटत नाहीत. गावकरी आपल्याच गावातली विहीर, तळं, रस्ता यांतलं काम ठरवतात, श्रमाने पूर्ण करतात आणि कपड्यांचा, सामानाचा संच त्या कामाचा मोबदला म्हणून घेतात. गुप्ता यांना 2015 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. वस्तू तीच, पण ती हातात कशी येते यावर माणसाची मान खाली जाते की ताठ राहते हे ठरतं, हे त्यांनी ओळखलं. केंद्र सरकारनेही मे 2023 मध्ये ‘मेरी लाइफ, मेरा स्वच्छ शहर’ मोहिमेत शहरोशहरी जुन्या वस्तू जमा करायची आरआरआर (रिड्यूस, रीयूज, रीसायकल) केंद्रं उघडायला लावली होती. आपण तर आपल्याच आवारातल्या एका खोलीबद्दल बोलतोय.

आता थोडं व्यवहाराचं. कपडे धुऊन, घडी करून यावेत. आतले कपडे, औषधं, मुदत संपलेली सौंदर्यप्रसाधनं, हेल्मेट यांना टेबलावर जागा नाही. एकदा आदळलेलं हेल्मेट वरून धड दिसतं आणि वेळेला डोकं वाचवत नाही. विजेच्या वस्तूंसाठी बोर्डाशेजारी वेगळं टेबल, तिथे लावून बघता आलं पाहिजे. प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर खरं लिहायचं : ‘कुकर, 5 लिटर, गास्केट बदलावी लागेल.’ ‘इस्त्री, चालू, वायर जुनी.’ मोबाइल द्यायचा तर आधी आपला सगळा मजकूर पुसायचा. बंद पडलेले चार्जर, रिमोट, वायरींची भेंडोळी हे अदलाबदलीचं सामान नाही, तो ई-कचरा आहे आणि तो अधिकृत केंद्राकडेच गेला पाहिजे. भंगारात गेला तर तांबं काढायला कुणीतरी त्या वायरी उघड्यावर जाळतो, आणि तो धूर त्याच्या छातीत जातो.

संध्याकाळी पाचनंतर उरेल त्याची व्यवस्था आधीच करून ठेवावी. ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची स्वतःच्या मालकीची सहकारी संस्था आहे. 1993 मध्ये स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतून ती उभी राहिली आणि 2008 पासून महापालिकेसोबत घरोघरी कचरा गोळा करते. जुने कपडे, फर्निचर, ई-कचरा गोळा करायचे त्यांचे उपक्रम असतात. त्यांना आधी फोन करून दिवस ठरवला तर उरलेलं एकाच फेरीत आणि कोरडं जाईल.

आणि गेट. त्या रविवारी गेटवर कुणाचीही पिशवी उघडली जाणार नाही, असं समितीने लेखी द्यावं आणि ते वॉचमनदादांच्या टेबलावर चिकटवावं. नंतरही, सभासदाने दिलेली वस्तू नेताना ताईंना उभं राहावं लागू नये म्हणून ॲपवर नोंद करायची जबाबदारी आपली आणि चूकही आपलीच धरावी. नोंद नसेल तर वॉचमनदादांनी त्या बाईंना न थांबवता नंतर सभासदाला विचारावं.

एक गोष्ट इथे स्पष्ट लिहिते, कारण तिचा घोळ होतो. दिवाळीची पोस्त किंवा बोनस हा वेगळा. वर्षभर आपल्या घरात राबणाऱ्या बाईला दिवाळीला एक पगार जास्त द्यायची आपल्याकडे रीत आहे आणि तो रोखच द्यायचा. ‘मी तिला कुकर दिला’ असं म्हणून त्यातून काही वजा करायचं नाही. क्लबहाऊसमधल्या टेबलाचा त्या हिशेबाशी संबंध नाही.

पार्किंगमध्ये बी विंगच्या भिंतीला लागून अकरा सायकली उभ्या आहेत. मी परवा मोजल्या. नऊंच्या चाकांत हवा नाही. त्यातली निळी माझ्या मुलाची आहे. तो बंगळूरला गेला त्याला सहा वर्षं झाली. चांगल्या घरी देऊ, मुलगा येईल तेव्हा त्याला विचारून देऊ, असं करत मी ती ठेवून घेतली. परवा टायरला हात लावला तर रबराला भेगा पडल्या होत्या, सीटचं रेक्झीन सोललं होतं, साखळी गंजून एक झाली होती. सहा वर्षांपूर्वी दिली असती तर एखादं मूल तिच्यावर बसून शाळेत गेलं असतं आणि आता ती त्याच्या धाकट्या भावाकडे आली असती. ती सहा वर्षं मी वाया घालवली, हे मला फार लागलंय. काल मी ती सायकलवाल्याकडे टाकली. नवे टायर, नवी साखळी, सीट. कोजागिरीपर्यंत तयार होईल. उरलेल्या दहा सायकलींच्या मालकांनीही यंदा मनावर घ्यावं.

समितीची बैठक येत्या शनिवारी आहे. हा विषय पहिला घ्यावा ही विनंती. टेबलं मांडायला, चिठ्ठ्या लिहायला, दिवसभर उभं राहायला मी आहे. आमच्या मजल्यावरच्या तिघींनी आणि सी विंगमधल्या दोन मुलांनीही हो म्हटलंय. क्लबहाऊसचं त्या दिवसाचं भाडं लागत असेल तर ते मी भरते.

तो मिक्सर मी विजेच्या टेबलावर ठेवणार आहे. चिठ्ठी लिहून झाली आहे : ‘चालू. तीन भांडी. मधल्याचं झाकण सैल.’ ताईंना रविवारी यायचं आमंत्रण दिलंय. त्या म्हणाल्या, “बघते.” आल्या तर तो उचलतील, की शेजारचं दुसरं काही, की नुसत्या बघून जातील, ते त्या ठरवतील.

आपली,
बी विंगमधली एक सभासद
पुणे